बांधावरचे गमबूट

लग्नकार्यात पंगतीला शेजारचा पाहुणा विचारतो, "काय करत होता आपण?" मी सांगतो, "गमबूट विकत होतो." पाहुणा आधी हसतो, मग माझं तोंड बघून सावरतो आणि वाटीतल्या वरणाकडं लक्ष देतो. मास्तर होतो, कंडक्टर होतो असं म्हटलं असतं तर पुढं चार शब्द झाले असते. गमबुटावर काय बोलणार? रबराचं नळकांडं, त्यात पाय घालायचा, झालं. एवढ्यासाठी कुणी आख्खी हयात घालवली असेल हे त्या बिचाऱ्याच्या पचनी पडत नाही.

तर आज त्या पाहुण्याला उत्तर देतो. दिवाळी अंकाची पानं हातात आहेत आणि शेजारी वरणाची वाटी नाही.

पहिली काही वर्षं मी नांदेडला मामाच्या दुकानात काढली. ताडपत्री, दोर, पाइप, छत्र्या आणि कोपऱ्यात गमबूट. पुढं लातूरला गंजगोलाईच्या अंगाला स्वतःचं दुकान टाकलं. भावकीतले एकदोन जण नाराज झाले. "बापानं पोटाला चिमटा घेऊन शिकवलं, आणि हा पायताणं विकायला बसला." बाप तेव्हा हयात नव्हता, नाहीतर त्यालाच विचारलं असतं. तो जन्मभर दुसऱ्याच्या रानात सालगडी होता. सालगडी म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा माणूस. त्याच्या टाचांच्या भेगांत आई दिव्यावर वितळवलेलं मेण भरायची. ते मी बघितलेलं होतं, म्हणून मला या धंद्याची कधी लाज वाटली नाही. उलट जरा घमेंडच होती, ती अजून आहे.

आता गमबूट कसा निवडायचा ते सांगतो. आधी वास घ्यायचा. चांगल्या मालाला साधा रबरी वास येतो. नाकात झोंबणारा, रॉकेलसारखा वास आला तर समजायचं, जुनं प्लास्टिक वितळवून पुन्हा ओतलंय. मग घोट्यापाशी दाबून वाकवायचा. घडीवर पांढरी रेघ उमटली आणि तशीच राहिली, तर तो बूट आपल्याकडच्या उन्हात तिथंच तडकणार. मग बूट उलटा करायचा. नवा माणूस खोल खोल नक्षीचा तळ बघून खूष होतो, की पकड चांगली बसेल. बसते, पण दुसऱ्या मुलखात. आपली काळी माती त्या नक्षीत एकदा घुसली की निघत नाही, आणि दहा पावलांत पायाला पाटा बांधल्यासारखं होतं. आपल्याला तळ पाहिजे तो मोकळ्या, लांब लांब खाचांचा, म्हणजे चिखल चालता चालता गळून पडतो.

आणि शेवटची परीक्षा, जिच्यामुळं मी बाजारात थोडा बदनाम होतो. बूट घालून गिऱ्हाइकाला दुकानात उकिडवं बसायला लावायचं.

ही परीक्षा मला एका खुरपणाऱ्या बाईनं शिकवली. तिनं नेलेले बूट आठवड्यानं परत आणून माझ्यापुढं आपटले. गुडघ्यामागं दोन्हीकडं लाल वळ उठले होते. म्हणाली, "भाऊ, तुमचा बूट उभ्या मानसाचा हाय. आमचं समदं काम बसून." खरंच की! खुरपणं, वेचणं, हळद काढणं, आपल्याकडचं निम्मं काम बसून होतं, आणि बूट ओतणारा कारखानदार जन्मात उकिडवा बसलेला नसतो. तेव्हापासून ज्याच्या पोटरीला बूट उंच होतो त्याचा काठ मी चार बोटं कापून, कानस लावून द्यायचो. त्याआधी मात्र म्हणायचो, "बसून दाखवा." जाडजूड गिऱ्हाईक बसायचं आणि उठायला माझाच हात मागायचं. आता दुकान लेक चालवते. ती मला काउंटरमागं फार थांबू देत नाही. मी लोकांना उठाबशा काढायला लावतो, असं तिचं म्हणणं आहे.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. नांदेडला असताना इस्लापूरकडचा एक जण यायचा, त्यानं एकदा एकाच पायाचा बूट मागितला. म्हणालो, दुसऱ्या पायाला काय झालं? म्हणाला, "बुजगावण्याला पायजे. डुकरं लई शानी झाल्यात, सदऱ्याला भेत न्हाईत." उंदरानं कुरतडलेल्या जोडातला उरलेला बूट मी त्याला फुकट दिला. पुढच्या खेपेला आला तो हसतच. "डुकरं आलीच न्हाईत. पन बूट कोनीतरी नेला. आता तो लंगडा चोर हुडकून राहिलो." एका घरचे तीन भाऊ एकच जोड न्यायचे. मोठ्याच्या मापाचा घ्यायचा आणि धाकट्यानं पुढं चिंध्या कोंबायच्या. मी किती सांगितलं, की सैल बूट चिखलात रुतून बसतो आणि पाय तेवढा वर येतो. "येऊ द्या की," मधला म्हणायचा, "बूट कुठं पळून जातोय?"

पण हे सगळं लिहायला बसलो ते माणिकरावांसाठी.

एका सकाळी औशाकडच्या गावातल्या गयाबाई दुकानात आल्या. साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या, बोलायला खणखणीत. पिशवीतून त्यांनी ज्वारीच्या धाटाची एक काडी काढली आणि काउंटरवर ठेवली. पायाचं माप असं काडीनं आणायची पद्धत आपल्याकडं जुनी आहे. बाजाराला एक जण येतो आणि घरच्या सगळ्यांच्या काड्या खिशात घालून आणतो.

"कुणाचं माप?"

"आमच्या ह्यांचं. झोपल्यावर घेतलं. जागेपनी पाय धरू देत न्हाईत."

माणिकरावांना जुनी साखर होती. तळपाय बधिर झाले होते. मागच्या वर्षी करंगळी काढावी लागली होती, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की आता पायाला जखम झाली तर पाऊल वाचेल याचा भरवसा नाही. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. आणि हा माणूस रानात अनवाणीच जायचा. पेरणीला, खळ्यावर पायातलं काढून ठेवणारे पुष्कळ आहेत. माणिकराव बारा महिने चप्पल बांधावर काढत. काळी आई आहे, तिच्या अंगावर पायताण घालून चढायचं नाही. त्यांचे वडीलही तसेच होते.

मी डॉक्टरांना विचारून यायला सांगितलं. त्या विचारूनच आल्या होत्या. मग मी मऊ, सैल पोटरीचा, आतून पांढऱ्या अस्तराचा जोड काढला.

"आतनं पांढरा कामून? मळल की."

"त्यांना लागलेलं कळत नाही ना? रक्त आलं तर तुम्हाला दिसावं म्हणून. रोज संध्याकाळी आत हात घालून बघायचं. आणि सकाळी घालायच्या आधी उलटा करून झटकायचा, खडा असला तर पडेल, विंचू असला तरी पडेल."

गयाबाई थोडा वेळ अस्तरावरून हात फिरवत राहिल्या. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "बांधा."

महिन्याभरानं बाजाराच्या दिवशी त्या पुन्हा आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "भाऊ, तुमचे बूट लई आवडले त्यांना."

मी खूष झालो.

"स्टँडवर बूट घालून जातेत. सोसायटीत बूट घालून जातेत. भाच्याच्या साखरपुड्यात बूट घालून फोटो काढला. आन् बांधावर गेलं की काढून ठिवतेत आन् अनवानी रानात."

मला हसू आलं आणि तेवढाच रागही आला. ज्या कामासाठी वस्तू दिली ते काम सोडून ती सगळीकडं मिरवत होती. गयाबाई म्हणाल्या, "माझं ऐकत न्हाईत. तुम्ही येळवशीला या. तुमच्यासारख्या धंद्यातल्या मानसानं सांगितलं तर ऐकतील."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूरच्या बाजारात चिटपाखरू नसतं, सगळा जिल्हा रानात जेवायला गेलेला असतो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत पूजा मांडायची, आंबील शिंपडत रानाला फेरी घालायची आणि मग शेंगभाज्यांची पातळ भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. आम्ही बौद्ध, आमच्या घरी हे काही नाही, शिवाय आमच्याकडं रानही नव्हतं. पण आंबिलीला मी कधी कुणाला नाही म्हटलेलं नाही.

माणिकरावांच्या बांधावर पोचलो तर चपलांची रांग लागलेली आणि तिच्या शेवटाला माझे गमबूट उभे. पुसून चकचकीत, तळाला मातीचा कण नाही. मीही चपला काढल्या, पाहुणा म्हणून. रानात फक्त एकाचीच चप्पल त्या रांगेत नव्हती. किसन, त्यांचा सालगडी. तो पाण्याची घागर घेऊन आला तेव्हा त्याच्या टाचा दिसल्या. त्याच्याकडं काढून ठेवायला काही नव्हतंच.

माणिकराव उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी माझं अगत्य केलं, स्वतः पाट दिला. मी सरळ विषयालाच हात घातला.

"माणिकराव, बूट बांधावर कशाला ठेवले?"

"कांबळे, आईच्या अंगावर बूट घालून चढतेत का कुठं?"

"नांगराचा फाळ तिच्या पोटात जातो, ते चालतं?"

"फाळ औजार हाय. आमी त्याची पूजा करतो. बूट पायातली वस्तू. हे दोन्ही एक करू नका."

"आणि पाय गेला तर?"

"पाय मपला हाय, आई समद्यांची हाय."

गयाबाई नैवेद्याचं पान वाढत होत्या. त्यांनी भज्जीचा चमचा भांड्यावर जरा जोरात आपटला. आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं, जे पाहुण्यानं बोलू नये. म्हणालो, "आई सगळ्यांची म्हणता, ठीक. माझा बापही असाच कुणाच्या तरी आईवर अनवाणी राबला, पण ते काही भक्तीनं नव्हे. तुमचा किसन अनवाणी आहे तो तरी भक्तीनं आहे का?"

माणिकराव उठून पूजेकडं वळले. किसन घागर खाली ठेवून उगाच तिची दोरी सरळ करत बसला. मला वाटलं, आता आपल्याला आंबील मिळत नाही.

मिळाली. आणि मग फेरी निघाली. माणिकराव पुढं, हातात आंबिलीचं मडकं, मोठ्यानं हाळी देत आणि दोन्ही अंगांना आंबील शिंपडत. मागं नातवंडं, त्यांच्या मागं मी. ज्वारी छातीएवढी, हवा गार, आणि खरं सांगतो, बघायला फार छान वाटत होतं. बांधाच्या कोपऱ्यावरच्या बाभळीखालून वळलो. पुढं वाटेवरच्या पाचोळ्यावर पांढरी आंबील सांडलेली होती, आणि तिच्यात लाल रंग मिसळलेला होता. पुढच्या पावलाशी पुन्हा लाल, त्याच्या पुढंही.

"माणिकराव, थांबा. पाय बघू."

ते थांबले आणि एका पायावर उभं राहून तळवा वळवला. बाभळीचा काटा बुडापर्यंत आत गेलेला होता. त्यांनी तो दुसऱ्याच कुणाच्या पायात असल्यासारखा बघितला.

"कळलंच न्हाई की," ते म्हणाले. गयाबाई धावत आल्या, त्यांनी पदर फाडून पायाला बांधला आणि माझ्याकडं एकदा बघितलं. त्या नजरेनं पुढं कितीतरी दिवस मला जेवण गोड लागू दिलं नाही.

माणिकराव लातूरच्या दवाखान्यात बरेच दिवस होते. मी जाऊन बसायचो. पाऊल काढायचं का ठेवायचं यावर डॉक्टर रोज सकाळी यायचे आणि "अजून बघू" म्हणून जायचे. गयाबाई डॉक्टर खोलीत असेपर्यंत भिंतीकडं तोंड करून उभ्या राहायच्या. शेवटी पाऊल वाचलं. डॉक्टरांनी बजावलं, की ही शेवटची सूट.

माणिकरावांनी ते मानलं, पण आपल्या पद्धतीनं. अनवाणी जायचं नाही म्हणता ना, मग रानात जातच नाही. रोज सकाळी गमबूट घालून बांधापर्यंत जायचे आणि बांधावर बसायचे. मृगाची पेरणी झाली, ते बांधावर. सोयाबीनला फुलं लागली, ते बांधावर. गयाबाई फोनवर म्हणाल्या, "दिसभर तिथंच बसतेत. एक ढेकूळ उचलून हातात फोडीत बसतेत. भाऊ, पाय वाचला खरा, पन मानूस वाळून चाललं." माझ्याकडं बुटांचे सगळे प्रकार होते, त्यात या दुखण्यावरचा बूट नव्हता.

तो गयाबाईंकडं होता. खंडेनवमीला घरोघर औजारं मांडतात. फाळ, कोयते, विळे, खुरपी, कुऱ्हाड धुऊन पुसून ओळीनं ठेवतात आणि हळदकुंकू वाहतात. पुढचं मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना आधी हसू आवरत नव्हतं, मग डोळे. त्यांनी भल्या पहाटे गमबूट राख लावून घासले आणि त्या ओळीत, फाळाच्या शेजारी नेऊन ठेवले. पायताण पूजेत! जाऊ ओरडली, पोरं हसायला लागली. माणिकराव आंघोळ करून आले आणि ओळ बघून जागीच उभे राहिले.

"हे काय मांडलंस?"

"औजार," गयाबाई म्हणाल्या. "तुमीच म्हनला व्हता ना, येळवशीला, त्या भाऊंना? औजार चालतंय म्हनून. फाळ तिच्यासाठीच हाय, विळा तिच्यासाठीच हाय. मग ह्ये बूट तरी कोनासाठी आनले, माझ्यासाठी? तिची सेवा करायची तर पाय लागतेत. नसंल पटत तर उचला आन् फेका, पन मग रान बी विका. बांधावर बसलेलं मानूस मला बघवत न्हाई."

माणिकराव ओळीपाशी आले. मग खाली बसले. फाळाला हळदकुंकू लावलं, कोयत्याला लावलं, आणि तेच बोट पुढं नेऊन दोन्ही बुटांच्या टोकांना लावलं. त्या दिवशी औजारं हलवायची नसतात, म्हणून बूट तिथंच राहिले. दसरा झाल्यावर सकाळी त्यांनी ते उलटे करून झटकले, पायात घातले, आणि बांधावर न थांबता हरभऱ्याच्या पेरणीत उतरले.

माझा देवाधर्माशी संबंध नाही. पण फोन ठेवल्यावर मी लेकीला म्हटलं, आज कुणी कितीही घासाघीस केली तरी करू दे. पोट भरल्यासारखं वाटत होतं.

त्यानंतर कधीतरी, थंडीत, माणिकराव स्वतःच दुकानात आले. पहिल्यांदाच. दारात वाकून त्यांनी गमबूट काढले आणि पायमोज्यांवर आत आले. बुटांच्या दुकानात बूट बाहेर काढून येणारं गिऱ्हाईक मी तेवढं एकच बघितलं. मी बाहेर जाऊन त्यांचा एक बूट उलटा केला. लांब लांब खाचांत काळी माती घट्ट बसलेली होती आणि टाचेकडची कड झिजायला लागली होती. आत हात घातला. अस्तर पांढरं होतं, थोडं मळलेलं, पण पांढरं.

"दुसरा जोड पायजे," ते म्हणाले.

"हा अजून दोन वर्षं चालेल की."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून ज्वारीच्या धाटाची काडी काढली आणि काउंटरवर ठेवली. काडी त्यांच्या पायापेक्षा आखूड होती.

"किसनचं माप," ते म्हणाले. माझ्याकडं न बघता, छताला टांगलेल्या छत्र्यांकडं बघत.

"माप कुणी घेतलं?"

"मीच. लई लाजत व्हता. म्हनला, मालक, ऱ्हाऊ द्या. पाय मागं वढीत व्हता. धरून ठिवावा लागला."

मी काडी हातात घेतली. हजारो पायांची मापं घेतली मी. बोटं बघून नंबर सांगणारा माणूस म्हणून माझा लौकिक होता. माझ्या बापाच्या पायाचं माप मला माहीत नाही. ते कुणी कधी घेतलंच नाही. घेतलं असतं तर अशीच एखादी काडी असती, आणि कुणाला तरी त्याच्यापुढं वाकावं लागलं असतं. ते तेव्हा झालं नाही याचं वाईट वाटलं, आणि आता झालं याचं बरं वाटलं, दोन्ही एकदम.

जोड काढला. वास घेतला, वाकवून बघितला, तळ बघितला. माणिकराव पिशवी पुढं करत होते, पण मी बूट परत फळीवर ठेवले.

"असा नाही देत. पुढच्या बाजाराला त्याला घेऊन या. बसून दाखवल्याशिवाय मी माल सोडत नाही."

ते मिशीत हसले. "ऐकलं व्हतं तुमच्याबद्दल."

पुढच्या बाजाराला दोघं आले. किसन दाराशीच उभा राहिला, स्टुलावर बसेना. मी खाली बसून त्याच्या पायात बूट चढवले. टाचा माझ्या ओळखीच्या होत्या. "आता बस उकिडवा," म्हटलं. तो लाजून हसला आणि मालकाकडं बघत राहिला. मालक उभे असताना आपण बसायचं कसं, हे त्याला जमेना. तेव्हा माणिकराव दाराबाहेर गेले, आपले बूट पायात घालून आत आले आणि माझ्या दुकानाच्या मधोमध, गुडघ्यांवर हात ठेवून, हळूहळू उकिडवे बसले.

"ये, बस," ते म्हणाले.

किसन त्यांच्या शेजारी बसला. माझी लेक बिल करायचं सोडून बघत राहिली. मी विचारलं, "गुडघ्यामागं काचतंय का?"

"न्हाई," दोघंही एकदमच म्हणाले.